चार ‘इज’ आणि एक द्राक्षबाग

प्रश्न : बाई, मी तासगाव तालुक्यातली. राज्यसेवेचा अभ्यास करता करता शेजारच्या काकूंच्या मुलाला संध्याकाळी इंग्रजी व्याकरण शिकवते. तो नववीत आहे, मराठी माध्यमात. बारा काळांचा तक्ता तोंडपाठ. रिकाम्या जागा दिल्या तर बहुतेक बरोबर भरतो. पण ‘तुमच्या बागेबद्दल चार ओळी लिही’ म्हटल्यावर त्याने हे लिहिलं : ‘माय फादर इज हॅव ग्रेप गार्डन. ही इज कट एव्हरी एप्रिल. लास्ट इयर रेन इज केम. ग्रेप इज स्पॉइल.’ काकूंचं म्हणणं, सहामाहीच्या आत सगळं व्याकरण उरकायला हवं, ‘व्हॉइस’ (ॲक्टिव्ह-पॅसिव्ह) अजून राहिलाय. पुन्हा पहिल्यापासून नियम घेऊ का?

उत्तर : मुळीच नको. (तुला अगं-तुगं करते, राग मानू नकोस. जन्म वर्गात गेला, तोंडाला दुसरं काही येत नाही.) नियम पुन्हा घेतलेस तर तो पुन्हा पाठ करेल, आणि पाठ करणं त्याला आधीच जमतंय. रिकाम्या जागेत बाकीचं वाक्य छापणाऱ्याने लिहिलेलं असतं, क्रियापदही कंसात देऊन ठेवलेलं असतं. पोराने फक्त शेपूट लावायचं. कोऱ्या कागदावर मात्र सगळं त्याच्या अंगावर येतं.

त्या चार ओळी तू मला पाठवल्यास हे फार बरं केलंस. त्या नीट वाच. चार वाक्यं, चार ‘इज’. पहिलीपासून इंग्रजी शिकणारं हे पोर. आपल्याकडे २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधी पाचवीपासून असायचं. पण बहुतेक मुलांच्या कानावर पहिली दोन-तीन वर्षं ‘धिस इज’, ‘दॅट इज’ हेच पडत राहतं. मग ‘इज’ घातल्याशिवाय वाक्य इंग्रजी होत नाही अशी त्यांची समजूत होऊन बसते. त्यात आपल्या मराठीत ‘आहे’ किती ठिकाणी येतं बघ : मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे पैसे आहेत, आमची बाग आहे. या तिन्ही ठिकाणी इंग्रजी ‘हॅव’ वापरतं. याने शाळेत ‘हॅव’ शिकलं आणि घरचं ‘आहे’ही सोडलं नाही, म्हणून ‘इज हॅव’. याला निष्काळजीपणा म्हणू नकोस. पोराने दोन्ही भाषांचा मान राखलाय, इतकंच.

आता काम असं कर. त्याच्याच वहीतल्या प्रत्येक ‘इज’भोवती पेन्सिलीने गोल काढायला लाव, लाल पेन नको. मग एकच प्रश्न विचार : या वाक्यात दुसरं क्रियापद आहे का? नसेल तर ‘इज’ ठेव. असेल, तर ते ‘इंग’वालं आहे का, किंवा तिसऱ्या रूपातलं आहे का? दोन्ही नसेल तर ‘इज’ खोडायचं. बस. ‘इज हॅव’मधलं गेलं, ‘हॅज’ झालं. ‘इज कट’मधलं गेलं, ‘ही कट्स द व्हाइन्स’ झालं. (छाटणीला ‘प्रून’ हा नेमका शब्द आहे, तोही देऊन टाक. द्राक्षवाल्याच्या मुलाला तो आयुष्यभर उपयोगी पडेल.) ‘इज केम’मधलं गेलं. चौथं वाक्य मजेचं आहे : तिथे ‘इज’च्या जातीचं क्रियापद हवंच, फक्त द्राक्षं अनेक आणि गोष्ट गेल्या वर्षीची म्हणून ‘वेअर’, आणि पुढे तिसरं रूप, ‘स्पॉइल्ड’. म्हणजे तुझ्या काकू ज्या ‘व्हॉइस’साठी घायकुतीला आल्यात, तो याच्या वहीत आपणहून येऊन बसलाय. धडा येईपर्यंत थांबायची गरज नाही.

‘ग्रेप गार्डन’च्या आधी ‘अ’ नाही, तेही मला दिसतंय. राहू दे. या आठवड्यात फक्त ‘इज’. एका पानावर एकाच जातीची चूक धरायची आणि बाकीच्यांकडे काणाडोळा करायचा. शिकवणाऱ्याला हे फार जड जातं, हात शिवशिवतो. पण सगळं पान रंगवून परत दिलं की मूल फक्त रंग बघतं.

पुढच्या वेळी ‘लास्ट इयर’ नकारात लिहायला सांग : गेल्या वर्षी पाऊस आला नाही, बाबांनी बेदाणा केला नाही, आम्ही माल विकला नाही. पैजेवर सांगते, ‘डिड नॉट केम’, ‘डिड नॉट सोल्ड’ असंच येणार. आपल्या ‘गेलास का’ या प्रश्नात भूतकाळ क्रियापदालाच चिकटलेला असतो. इंग्रजीत प्रश्न किंवा नकार आला की तो ‘डिड’कडे जातो आणि क्रियापद मूळ रूपात मोकळं राहतं. एका तिकिटाला कंडक्टर दोनदा पंच मारत नाही, एवढं सांगितलंस तरी कळेल त्याला.

आता ‘व्हॉइस’. इथे मात्र थोडं थांब, कारण ही गाठ आपणच मारून ठेवलेली आहे. मराठीच्या तासाला तो शिकतो : ‘रामाने आंबा खाल्ला’ हा कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद कर्माच्या मागे जातं, आंबा खाल्ला, भाकरी खाल्ली. पुढच्या तासाला इंग्रजीचे सर सांगतात, पॅसिव्ह म्हणजे कर्मणी. आणि लगेच फळ्यावर ‘राम एट अ मँगो’ लिहून त्याला ॲक्टिव्ह म्हणतात! मुलाने काय समजायचं? वर ‘रामाने’मधला ‘ने’ त्याला ‘बाय’सारखा दिसतो. मग ‘बाय राम मँगो एट’ असली वाक्यं जन्माला येतात आणि आपण डोक्याला हात लावतो.

तू राज्यसेवेचा अभ्यास करतेस म्हणजे प्रयोग तुला पाठ असणार. ‘रावण रामाकडून मारला गेला’ हे नवीन कर्मणीचं ठरलेलं उदाहरण आठवतंय ना? इंग्रजी पॅसिव्हचं जवळचं भावंड ते. त्यातला ‘गेला’ म्हणजे त्यांचं ‘वॉज’, ‘मारला’ म्हणजे तिसरं रूप, ‘रामाकडून’ म्हणजे ‘बाय राम’. तेव्हा ‘कर्मणी’ हा शब्द इंग्रजीच्या वेळी उच्चारूच नकोस. ‘गेला-गेली-गेलं’वालं वाक्य म्हण. औषध मारलं गेलं, माल तोडला गेला, पेट्या भरल्या गेल्या. बोलताना आपण असं फारसं बोलत नाही, आणि ते त्याला सांगूनही टाक. इंग्रजीतही जिथे कुणी केलं याला महत्त्व नाही, किंवा ते सांगायचं नाही, तिथेच पॅसिव्ह शोभतो. ‘ॲन आंबा वॉज ईटन बाय मी’ असं कुठलाही इंग्रज घरी म्हणत नाही, परीक्षेतच म्हणतात.

बारा काळांच्या तक्त्याचं काय, तर तो भिंतीवर असू दे. नववीच्या मुलाला लिहायला साधा वर्तमान, चालू वर्तमान, साधा भूत, ‘विल’ आणि ‘हॅव’वाला पूर्ण वर्तमान एवढे काळ पुरतात. यातल्या शेवटच्याशी जरा जपून : ‘मी काल त्याला भेटलोय’ हे आपण सर्रास म्हणतो, पण इंग्रजीत ‘येस्टरडे’ आला की ‘हॅव’ चालत नाही. बाकीचे काळ वाचताना ओळखता आले की झालं. पास्ट परफेक्ट कंटिन्युअस हा काळ प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांचा फार लाडका, एवढंच मी म्हणेन.

राहिल्या काकू. त्यांना वाद घालून पटणार नाही. आजच्या त्या चार ओळींचं पान जपून ठेव, फाडू देऊ नकोस. महिन्याभराने त्याला त्याच बागेवर पुन्हा लिहायला लाव, एप्रिल छाटणी, ऑक्टोबर छाटणी, औषधं, दर, काय वाटेल ते. दोन्ही पानं काकूंसमोर शेजारी शेजारी ठेव आणि चहा होईपर्यंत काही बोलू नकोस. ‘व्याकरण कितपत झालं?’ असं त्यांनी तरीही विचारलं तर ‘व्हॉइस सुरू आहे’ म्हण. खोटं नाहीच ते.

आणि हो, फी ठरवून घे. शेजारच्या काकू आहेत म्हणून तू मागितली नसशील, तुझ्या पत्रावरून मला तसा वास येतोय.

प्रश्न : आमच्या अभ्यासिकेत दोन मित्रांचं वाजलंय. ‘अ एमपीएससी कँडिडेट’ की ‘ॲन एमपीएससी कँडिडेट’? एक म्हणतो ‘एम’ स्वर नाही, म्हणून ‘अ’. निकाल द्या. — कोल्हापूरहून दोघे

उत्तर : ‘ॲन’. डोळ्यांनी बघू नका, कानांनी ऐका. ‘एम’ म्हणताना तोंडातून आधी ‘ए’ बाहेर पडतो, म्हणून ‘ॲन’. तसंच ‘ॲन एसटी बस’, ‘ॲन एफआयआर’, ‘ॲन अवर’. उलट ‘यू’ अक्षर स्वर असूनही त्याचा उच्चार ‘य’ने सुरू होतो, म्हणून ‘अ युनिफॉर्म’ आणि ‘अ यूपीएससी कँडिडेट’. ‘अ’वाल्या मित्राला अगदीच हरवू नका : आयोगाचं पूर्ण नाव लिहिलंत, तर ‘महाराष्ट्र’च्या आधी त्याचा ‘अ’च लागेल.