पुराच्या पाण्यात फायर ब्रिगेडचं काय काम?

प्रश्न : अमेरिकेत हेलेन नावाचं चक्रीवादळ आलं तेव्हा दुसऱ्या राज्यांतनं फायर ब्रिगेडची माणसं पाठवल्याचं टीव्हीवर बघितलं. पाण्यात आगवाल्यांचं काय काम ओ? आणि ती तिकडं गेली आणि मागं त्यांच्याच गावात आग लागली तर? – एक वाचक, शुक्रवार पेठ

उत्तर : शुक्रवार पेठेतला माणूस हे विचारतोय म्हणजे कमाल आहे, 2019 ला पंचगंगा तुमच्या दारात आली तेव्हा आपल्या कोल्हापूर महापालिकेच्या फायरवाल्यांच्या बोटी बघितल्या नाहीत का? तिकडंही तेच काम, फक्त बांधणी पक्की. फेमा म्हणून त्यांची केंद्राची आपत्ती संस्था आहे, तिच्याकडं 28 शोध-बचाव पथकं आहेत आणि त्यातली बहुतेक माणसं निरनिराळ्या शहरांच्या फायर डिपार्टमेंटची, एरवी आपापल्या स्टेशनला ड्युटी करायची आणि ऑर्डर आली की सहा तासांत गाड्या भरून निघायचं. मोठ्या पथकात 70 जण, त्यात डॉक्टर, इमारत पडेल का राहील हे सांगणारा इंजिनिअर, वास घेणारी कुत्री पण. पहिले तीन दिवस पुरेल एवढं खाणंपिणं, तंबू, डिझेल सगळं सोबत घेऊन जातात, पूरग्रस्तांच्या ताटातलं खायचं नाही. मला विचाराल तर यातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट हीच.

हेलेन 26 सप्टेंबर 2024 ला फ्लोरिडात धडकलं, पण किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात ॲशव्हिल शहराच्या बाजूला लई माणसं दगावली, नद्या फुगल्या, दरडी कोसळल्या, रस्तेच वाहून गेले. तिथं जंगलातला वणवा विझवणाऱ्या टीम पण आणल्या, कारण पडलेली झाडं यांत्रिक करवतीनं कापून रस्ता मोकळा करायचं काम त्यांच्याइतकं कुणाला जमतंय?

आणि पाण्यात आग लागत नाही असं समजू नका. 2012 ला सँडी वादळात न्यूयॉर्कच्या ब्रीझी पॉइंटला समुद्राचं पाणी घरातल्या वायरिंगमधी शिरून आग लागली, शंभरावर घरं जळाली, चहूकडं पाणी आणि बंब पुढं सरकायला वाट नाही.

मागं राहिलेल्या गावाचं म्हणाल तर स्टेशन रिकामं ठेवत नाहीत, उरलेल्यांना ओव्हरटाइम देऊन शिफ्ट भरतात आणि फेमाच्या पथकांचा तो खर्च फेमा देते. राज्यं एकमेकांना मदत पाठवतात त्याचा करार वेगळा, ज्यानं बोलवलं त्यानं पैसे द्यायचे. आपल्याकडं अम्फान वादळानंतर 2020 ला ओडिशानं आपली पथकं आणि फायरची माणसं बंगालला झाडं कापायला धाडली होती, म्हणजे हे काय फक्त अमेरिकेलाच जमतंय असं नाही.

प्रश्न : आमच्या तालमीची पोरं म्हणतात पुढच्या पुरात बोट घेऊन शिरोळकडं जाऊया. जावं का? – एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : मन मोठं आहे पण न विचारता जाऊ नका. 2019 च्या ऑगस्टमधी सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटून किती जीव गेले, आठवा. जायचंच तर आत्ता, उन्हाळ्यातच जिल्हा आपत्ती कक्षात नाव द्या (फोन 1077), नाहीतर आपल्या कोल्हापूरच्याच व्हाईट आर्मीसारख्या बचावकार्य करणाऱ्या संघटनेत ट्रेनिंग घ्या, प्रत्येकाला लाइफ जॅकेट पाहिजेच, पोहायला येतंय म्हणून नको म्हणणाऱ्याला काठावरच ठेवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 म्हणजे धोका, 39 झालं की फोन करून विचारायचं कुठं पाहिजे आहात, आणि त्यांनी गरज नाही म्हटलं तर रुसायचं नाही, पूर ओसरल्यावर घरातला चिखल काढायला माणसं लागतातच की, तिथं कुणी फोटो काढत नाही म्हणून गर्दी कमी असते एवढंच.