उरलेल्या खाऱ्या पाण्यातला दाब

प्रश्न : समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या मनोरीच्या प्रस्तावित प्रकल्पाबद्दल वाचताना कळलं, की अशा प्रकल्पांत समुद्रातून घेतलेलं निम्म्याहून जास्त पाणी परत समुद्रातच सोडतात. मग त्याला दाब द्यायला जाळलेली वीजही समुद्रातच गेली ना?
– एक वाचक, मालाड

उत्तर : पूर्वी जायची. १०० लिटर आत घेतले तर साधारण ४० लिटर गोडं पाणी मिळतं. उरलेलं ६० लिटर, ज्याला आम्ही ब्राइन म्हणतो, मेम्ब्रेनच्या, म्हणजे मीठ अडवणाऱ्या पडद्याच्या, अलीकडूनच बाहेर पडतं, तेही जवळपास पूर्ण दाबानिशी. आत जाताना ६० बार (बार हे दाबाचं एकक) असेल तर बाहेर येताना ५८-५९. हा दाब व्हॉल्व्हवर मारून टाकला, तर हजार लिटर गोड्या पाण्यामागे नुसत्या दाबापायी चार युनिटांहून जास्त वीज लागते. पंपाची तूट वेगळीच.

आधी त्या धारेवर पेल्टन टर्बाइन, म्हणजे धारेने फिरणारं चाक, फिरवून पंपाला हातभार लावत. पण टर्बाइन थोडं खातं, पंप पुन्हा खातो. आता प्रेशर एक्स्चेंजर, म्हणजे ब्राइनचा दाब थेट आत येणाऱ्या पाण्याला देणारं यंत्र, लावतात; ऑस्ट्रेलियात पर्थजवळ क्विनानाला २००६पासून हेच आहे. सिरॅमिकचा दंडगोल रोटर, त्यात लांबीने आरपार भोकं. एका बाजूने दाबातलं ब्राइन शिरतं आणि भोकातल्या समुद्राच्या ताज्या पाण्याला रेटून मेम्ब्रेनकडे काढतं. रोटर जरा फिरला की तेच भोक कमी दाबाच्या बाजूला येतं, ताजं पाणी भरतं, दाब गेलेलं ब्राइन बाहेर पडतं. मोटर नाही, पाण्याच्या ओघावरच फिरतो. दोन्ही पाणी थोडं मिसळतं, पण ९५ टक्क्यांहून जास्त ऊर्जा हाती लागते. मुख्य पंपाला मग त्या ४० लिटरांपुरतंच काम. मधे पडलेले दोन-तीन बार छोटा बूस्टर पंप भरून काढतो.

आखातात मी याच यंत्रांच्या देखभालीवर होतो. रोटर अडकला की ब्राइन तसंच मेम्ब्रेनकडे परत जातं, आणि पहिली बोंब क्षारतेच्या मीटरवर उठते. मग आम्ही एकेका रोटरच्या केसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून मूठ कानाशी धरायचो. मुका कोणता ते लगेच कळायचं. बहुतेकदा गाळणीतून निसटलेली कचकच निघे.

आज चांगला प्रकल्प हजार लिटरमागे एकूण तीन-साडेतीन युनिटांत चालतो. शून्यावर कधीच येणार नाही. निम्मं पाणी गोडं करायचं तर निसर्गच एक युनिटाहून थोडं जास्त घेतो. आणि हे यंत्र फक्त दाब परत आणतं. ब्राइनमधल्या मिठाचं काय, हे किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी विचारलं, तर त्याचं उत्तर या रोटरात नाही.