दोन सिंगल-कॉइल पिकअपच्या बास गिटारमधील गुणगुण तांब्याच्या पट्टीने का थांबत नाही?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे: जॅझ बासच्या धाटणीच्या गिटारमध्ये दोन पिकअप, म्हणजे तारांचे कंपन टिपणारे चुंबक आणि त्यांभोवतीची वेढ्यांची एकेक कॉइल, असतात; त्या दोन्हींचे व्हॉल्यूम पूर्ण उघडे असताना आवाज बराच शांत असतो, एक कमी केला की गुणगुण सुरू होते, तारांना हात लावला की खरखर कमी होते, आणि आतल्या पोकळ्यांना तांब्याची चिकटपट्टी लावूनही गुणगुण तशीच राहिली. आपले काम बिघडलेले नाही. येथे दोन वेगवेगळे आवाज एकत्र ऐकू येत आहेत आणि पट्टी त्यांपैकी एकावरच चालते.

तारांना हात लावल्यावर जी कमी होते ती खरखर विद्युत क्षेत्रातून येते. दिव्यांचे डिमर, संगणक आणि भिंतीतल्या वायरी यांचे क्षेत्र उघड्या वायरींवर आणि आपल्या शरीरावरही उतरते. तारा ब्रिजमार्गे (तारा ज्या धातूच्या भागावर टेकतात त्यामार्गे) अर्थला जोडलेल्या असल्याने त्यांना हात लावताच शरीरही त्या जोडणीत येते व खरखर दबते. या आवाजाला तांब्याची पट्टी निश्चित अडवते. मात्र सर्व तुकडे एकमेकांना विद्युतदृष्ट्या जोडलेले हवेत आणि ते सर्क्युटच्या अर्थला सोल्डर केलेले हवेत. पट्टीचा गोंद वीजवाहक नसेल तर एकावर एक चिकटवलेले तुकडेही परस्परांपासून तुटलेलेच राहतात. मल्टीमीटरने पट्टीचा प्रत्येक तुकडा आणि जॅकची (केबल जिथे खुपसतात त्या खोबणीची) बाहेरची कडी यांच्यातला रोध मोजावा. तो एखाद्या ओहमच्या आत यायला हवा. ब्रिजचीही अशीच तपासणी करावी. माझ्या स्वतःच्या बासमध्ये तारांना हात लावून काहीच फरक पडत नव्हता, पण जॅकच्या धातूला बोट लावताच खरखर थांबत होती. ब्रिजखाली नुसती दाबून ठेवलेली वायर निसटली होती आणि ती नीट बसवल्यावर तो त्रास पूर्ण गेला.

एक व्हॉल्यूम कमी केल्यावर येणारी खोल गुणगुण ही चुंबकीय आहे. विजेच्या 50 किंवा 60 हर्ट्झच्या प्रवाहामुळे ट्रान्सफॉर्मरभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते, आणि हजारो वेढ्यांची कॉइल ते तारेच्या कंपनाप्रमाणेच टिपते. इतक्या कमी वारंवारतेचे क्षेत्र तांब्यात सुमारे 9 मिलिमीटर खोलवर शिरते. पट्टीची जाडी त्याच्या शंभराव्या भागाइतकीही नसते, त्यामुळे ती कितीही काळजीपूर्वक लावली तरी हे क्षेत्र आरपार जाते. बास हातात धरून जागेवरच हळूहळू गोल फिरावे: एखाद्या दिशेला गुणगुण जवळजवळ नाहीशी होत असेल, तर ती चुंबकीय आहे याविषयी शंका राहत नाही. इक्वलायझरने ती कापण्याचा प्रयत्न मी करू देणार नाही, कारण जाड ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा ‘जी’ (G) हा स्वर 49 हर्ट्झचा आहे आणि गुणगुणीबरोबर तोही जाईल.

दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण असताना शांतता का असते, याचे उत्तर 1960 साली आलेल्या फेंडर जॅझ बासच्या रचनेत आहे. त्यातील एका पिकअपचे वेढे आणि चुंबकाचे ध्रुव दोन्ही दुसऱ्याच्या उलट असतात. त्यामुळे तारांचे सिग्नल एकमेकांत मिळतात, पण बाहेरून आलेली गुणगुण एकमेकींना छेदते. ही वजाबाकी दोन्ही पिकअप समान प्रमाणात वाजत असतानाच साधते. एखाद्याने पिकअप बदलताना एकाच जातीचे दोन बसवले असतील, तर दोन्ही पूर्ण असूनही गुणगुण राहते. त्यावर एका पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल करणे हा उपाय नव्हे: गुणगुण जाते, पण तारांचे सिग्नलही परस्परविरोधी होतात आणि बासचा खालचा भरदार आवाज पोकळ होतो. वेढ्यांबरोबर ध्रुवही उलटे असावे लागतात.

आपल्याला एकच पिकअप वाजवायचा असेल, तर त्याच मापाचा पण आत दोन कॉइल असलेला पिकअप घ्यावा, हे माझे स्पष्ट मत आहे. काहींत एका कॉइलखाली दुसरी असते, तर काहींत दोन-दोन तारांसाठी वेगळी कॉइल असते. हे दुसरे तत्त्व फेंडरच्याच प्रिसिजन बास या गिटारमध्ये 1957 पासून वापरात आहे. स्वरात थोडा फरक पडतो. मला दुसऱ्या प्रकारात तो कमी जाणवला.

खर्च करण्यापूर्वी दोन्ही व्हॉल्यूम शून्यावर आणून ऐकावे. तेव्हाही आवाज तितकाच राहिला, तर दोष पिकअपमध्ये नसून जॅक, केबल किंवा अॅम्प्लिफायरमध्ये आहे. अॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून गुणगुण घालवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कृपया मानू नये, कारण तारांमार्गे आपले शरीर अॅम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेले असते आणि आत एखादा दोष उद्भवल्यास ती पिनच आपला जीव वाचवते.