बोटं उमटत नाहीत, पेन्शन अडली

प्रश्न : बाबा गिरणीत सूतखात्यावर होते. ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफ कार्यालयाच्या कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन मिळते. हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना तीनदा नेलं. मशीनवर बोट काही उमटत नाही. खिडकीवरचे बाबू म्हणतात, ‘उद्या या.’ काय करू?
– एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर : ताई, बाबांना आता रांगेत उभं करू नका. सुतानं झिजलेली बोटं क्रीम लावून उमटत नसतात. माझ्या आईच्या वेळी मीही तो खटाटोप केला; रुमालानं अंगठा पुसून पुसून लाल झाला, मशीन ढिम्म.

बोटाऐवजी चेहरा दाखवूनही हयातीच्या दाखल्याचं काम होतं. स्मार्टफोनवर ‘जीवन प्रमाण’ (दाखल्यासाठी) आणि ‘आधार फेस आरडी’ (चेहरा ओळखण्यासाठी) ही ॲप घ्या. आधार क्रमांक आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक हाताशी ठेवा. उजेड समोरून हवा, चष्मा काढा, पापणी मिटून उघडायला लावा. शेवटी प्रमाण क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवा. ईपीएस-९५ ला नोव्हेंबरचंच बंधन नाही. दाखला दिल्यापासून १२ महिने चालतो.

तरीही अडलं तर ‘ईपीएफआयजीएमएस’ या पीएफ कार्यालयाच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका. तोंडी ‘उद्या या’ची नोंद कुठेच राहत नाही हो!