मुद्दा कितव्या सेकंदाला आहे?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या खेपेची बहुतेक पत्रं एकाच दुखण्याची आहेत. व्हिडिओ किंवा गाणं समोरच्याला पोचतं, पण त्यात जे आवडलं होतं ते वाटेत गळतं. त्यातली पाच निवडली आहेत.

पुसेगावच्या मैदानातल्या बैलगाडा शर्यतीचा ४० सेकंदांचा व्हिडिओ माझ्या फोनवर लखलखीत दिसतो. व्हॉट्सॲपवर भावाला पाठवला तर नुसता धुरळा. बैल कुठले तेही ओळखू येत नाहीत. फोन बदलावा का? – एक वाचक, कोरेगाव

फोनवर पैसे घालू नका. १०८०पी दर्जा आणि सेकंदाला ३० फ्रेम (चित्रं) यावर फोन मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी साठवतो. व्हॉट्सॲप एवढा डेटा पाठवत नाही, तो व्हिडिओ दाबून लहान करतो. दाबण्याची रीत अशी: मागच्या फ्रेमपेक्षा पुढच्या फ्रेममध्ये जेवढं बदललं तेवढंच नीट साठवायचं. बाकावर बसून बोलणाऱ्या माणसाचा व्हिडिओ यात छान निभावतो, कारण हलतात फक्त ओठ. शर्यतीत मात्र बैल पळतात, माती उडते, दोन्हीकडची गर्दी हात हलवते आणि त्यात कॅमेराही फिरतो. सगळंच बदलतं, डेटा पुरत नाही आणि चौकोनी ठिपके पडतात. धुरळा तर सगळ्यात वाईट, त्याचा कण न् कण वेगळा.

उपाय सोपा आहे. चॅटमध्ये पिनच्या खुणेवर जा, ‘गॅलरी’ऐवजी ‘डॉक्युमेंट’ निवडा आणि तिथून व्हिडिओची फाइल द्या. अशी फाइल न दाबता जाते, मर्यादा २ जीबीची आहे. समोरच्याला ती चॅटमध्ये लगेच चालू झालेली दिसणार नाही, आधी उतरवून घ्यावी लागेल, एवढं त्याला सांगून ठेवा. गॅलरीतूनच पाठवायचा असेल तर वरचं ‘एचडी’ दाबा. साध्या पर्यायात व्हिडिओ ४८०पीच्या आसपास येतो, एचडीत ७२०पीच्या. फरक दिसतो, पण मूळची सर येत नाही.

लोक आणखी एक घोळ घालतात. आलेला व्हिडिओ नुसता फॉरवर्ड केला तर त्याचा दर्जा पुन्हा घसरत नाही. पण तोच स्टेटसवरून स्क्रीन रेकॉर्डिंग करून घेतला किंवा कापून पुन्हा पाठवला की परत दाबला जातो. चार हात फिरलेल्या शर्यतीच्या व्हिडिओत बैलांचा रंगही ओळखू येत नाही तो यामुळे. आणि पुढच्या मैदानाला चित्रण करताना कॅमेरा गाडीमागे गरागरा फिरवू नका. फायनलच्या रेषेजवळ फोन स्थिर धरा, गाडी चौकटीत येऊन बाहेर जाऊ द्या. पार्श्वभूमी हलली नाही की निम्मं काम होतं.

आमचं तंतुवाद्यांचं दुकान आहे. बाहेरगावच्या गायकाला तंबोऱ्याचा आवाज ऐकवायला व्हॉइस मेसेज पाठवतो. त्यांना तो पत्र्यासारखा वाटतो. तंबोरा तर उत्तम लागलेला असतो. – एक वाचक, मिरज

व्हॉइस मेसेज आणि कॉल या दोन्ही सोयी बोलण्यासाठी आहेत. आवाज एकेरी होतो, फार कमी डेटात दाबला जातो. कॉलवर तर एकसारखा चालू असलेला आवाज गोंगाट समजून मागे ढकलला जातो. पंखा आणि तंबोरा यांतला फरक त्या यंत्रणेला कळत नाही. कॉलवर तंबोरा ऐकवू नयेच.

फोनमधलं साधं रेकॉर्डर ॲप उघडून सेटिंगमध्ये सर्वांत वरचा दर्जा निवडा. डब्ल्यूएव्हीची (आवाज न दाबता साठवणारी फाइल) सोय असेल तर तीच घ्या. स्टिरिओत ती मिनिटाला साधारण १० एमबी घेते, म्हणजे दोन मिनिटांना २० एमबी. डॉक्युमेंट म्हणून सहज जाते. फोन घोडीपासून (तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) दीड-दोन फुटांवर, घडी केलेल्या सुती कापडावर ठेवा. तंबोरा ज्या टेबलाला टेकला असेल त्यावर फोन नको, थरथर थेट माइकमध्ये शिरते. पंखा बंद, दुकानाचं दार लोटलेलं. आधी पंचम, जोडाच्या दोन आणि खर्ज अशा चारही तारा एकेक करून छेडा, प्रत्येक तार विरेपर्यंत थांबा, मग मिनिटभर सलग छेडत राहा. जवारी (घोडीवर तार टेकून उठणारी झंकार) कशी उघडली आहे ते एकेका तारेच्या विरण्यात कळतं, सलग छेडण्यात ते झाकलं जातं.

इअरफोन लावून ऐका, असं फाइलबरोबर लिहायला विसरू नका. पुरुषी पट्टीत षड्ज काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) धरला तर तो १३८ हर्ट्झच्या आसपास असतो, खर्ज त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झला. फोनच्या चिमुकल्या स्पीकरातून एवढा खालचा सूर निघतच नाही, फक्त त्याचे वरचे स्वरांश ऐकू येतात. पत्रा तिथेच वाजतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण गिऱ्हाईक शेवटी कानानेच वाद्य घेतं, तेव्हा दोन मिनिटांच्या फाइलसाठी अर्धा तास घालवायला हरकत नाही.

यूट्यूबवर अडीच तासांचं भजन आहे. मधली एकच गौळण अप्रतिम आहे. ग्रुपवर लिंक टाकली तर कोणी तिथवर जात नाही. – एक वाचक, कराड

कशाला जातील? गौळण कितव्या सेकंदाला आहे ते लिंकमध्येच घाला. कॉम्प्युटरवर ‘शेअर’ दाबलं की खाली सुरुवातीची वेळ निवडायचा चौकोन येतो. फोनवर हाताने करायचं तर लिंक कॉपी करा, तिच्यात प्रश्नचिन्हापासून पुढे जे शेपूट असेल ते प्रश्नचिन्हासकट खोडा (ते माग काढण्यापुरतं असतं), मग प्रश्नचिन्ह, इंग्रजी लहान ‘टी’, बरोबरचं चिन्ह आणि सेकंदांचा आकडा. १ तास १२ मिनिटं ४० सेकंद म्हणजे ४३६०. आकडा इंग्रजी अंकांतच हवा. मधे जागा सोडली तर लिंक तुटते. गौळणीच्या पाचेक सेकंद आधीची वेळ द्या, नाहीतर पहिला शब्द हुकतो. आणि वर एक ओळ लिहा: काय आहे, किती मिनिटांचं आहे. ‘नक्की ऐका’ असं लिहिलेलं कोणी उघडत नाही.

रीलमागे वाजणारं गाणं कसं शोधायचं? गाणं ओळखणारा शॅझम कधी सांगतो, कधी हात वर करतो. – एक वाचक, सातारा

शॅझम चाल ओळखत नाही, ठरावीक ध्वनिमुद्रण ओळखतो. त्या मुद्रणातल्या ठळक सुरांचा नकाशा त्याच्याकडे असतो, तो जुळला तरच नाव येतं. त्यामुळे गॅदरिंगमध्ये ऑर्केस्ट्राने म्हटलेलं गाणं तो सहसा ओळखत नाही. रीलसाठी वेग वाढवलेलं किंवा पट्टी चढवलेलं गाणंही निसटतं.

आधी रीलखालचं गाण्याचं नाव दाबा. तिथे ‘ओरिजनल ऑडिओ’ असेल तर त्याच ऑडिओच्या इतर रील दिसतील, त्यांच्या कमेंटमध्ये कोणीतरी हमखास विचारलेलं असतं. तरीही नाही मिळालं तर गुगल ॲपचा माइक दाबून ‘गाणं शोधा’ निवडा आणि १० ते १५ सेकंद गुणगुणा. तिथे चाल जुळवली जाते, गळा कसाही चालतो. शब्द कळत असतील तर एक पूर्ण ओळ देवनागरीत, अवतरणचिन्हांत टाका. रोमनमध्ये ‘ळ’ आणि ‘ण’ प्रत्येक जण वेगळा लिहितो, म्हणून जुन्या लावण्या तिथे हरवतात.

मंडळाच्या मिरवणुकीचा व्हिडिओ यूट्यूबवर चढवला, लगेच कॉपीराइटचा दावा आला. चॅनेल बंद होईल का? ‘गाण्याचे हक्क मूळ मालकाचे’ असं लिहिलं होतं. – एक वाचक, सांगली

ते लिहिल्याने काही होत नाही. दहा सेकंदांपेक्षा कमी वाजलं तर चालतं, हीही अफवाच. दावा आणि स्ट्राइक वेगळे. दावा आपोआप येतो. त्यात जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जातात किंवा व्हिडिओ अडवला जातो, चॅनेलला धक्का लागत नाही. स्ट्राइक मालकाने रीतसर व्हिडिओ काढायला लावल्यावर येतो, आणि ९० दिवसांत तीन झाले तर चॅनेल जातं. लग्नाच्या वरातीत गाणं वाजवायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात सूट आहे, पण ती वाजवण्यापुरती. अपलोडला ती लागू होत नाही, तेव्हा मंडळानेही तसल्या सवलतीच्या भरवशावर राहू नये.

यूट्यूब स्टुडिओत दाव्याचा तपशील उघडा. तेवढा भाग कापणं, तेवढंच गाणं बंद करणं किंवा दुसरं संगीत घालणं, असे पर्याय मिळतात. डीजेचा तुकडा काढून लेझीम आणि ढोल-ताशा ठेवलात तर बहुधा सुटाल, आणि खरं सांगायचं तर व्हिडिओही बरा होईल. पुढच्या वेळी चढवताना ‘चेक्स’ची पायरी पूर्ण होऊ द्या आणि मगच सार्वजनिक करा, दावा असेल तर तिथेच दिसतो. चित्रण करताना ढोलांच्या अगदी पुढ्यात उभे राहू नका. माइकमध्ये आवाज फाटला की तो नंतर कशानेही दुरुस्त होत नाही. फोनच्या खालच्या कडेचं भोक तळव्याने झाकलं जात नाही ना, तेही पाहा.