केबिन बदला, पण २०१९ चे कागद घेऊ नका

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतून गोकुळ शिरगावला कास्टिंगची भाडी मारणाऱ्या एका गाडीमालकांचा प्रश्न आहे. त्यांची टाटाची डिझेल ४०७, म्हणजे छोटा ट्रक आहे, २०१४ ची. इंजिनकाम दोन वर्षांपूर्वी झालंय, गाडी ओढायला ठणठणीत. पण २०२१ च्या पुरात ती सीटपर्यंत पाण्यात उभी होती, आता केबिनचा पत्रा खालून सडलाय. भंगारवाल्याकडे २०१९ च्या सीएनजी ४०७ ची केबिन ८५,००० ला आहे. बसवणं, वायरिंग, पेंटिंग मिळून मिस्त्री ७०,००० आणि आठ दिवस सांगतोय. नाहीतर १३ लाखांची नवी गाडी, ३ लाख भरून १० लाखांचं कर्ज. एफडीत साडेचार लाख आहेत. शेवटच्या ओळीत ते सहज लिहितात: "अजून ६०,००० दिले तर त्या गाडीचं आरसी बुकही देतो म्हणतोय, म्हणजे आपली गाडी पाच वर्षांनी तरुण होईल."

साहेब, आधी ही शेवटची ओळ.

कायद्याच्या नजरेत गाडी म्हणजे चासी, सगळी गाडी ज्यावर उभी असते तो लोखंडी पाया. केबिन कुठलीही बसवा, चासीवर कोरलेला नंबर २०१४ चाच राहतो. २०१९ चे कागद वापरायचे तर तो नंबर घासून दुसरा ठोकावा लागेल, आणि तो सरळ गुन्हा आहे. वर कागदावर इंधन सीएनजी आणि टाकीत डिझेल! उद्या हायवेला अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर सगळ्यात आधी चासी नंबरावर कागद घासून छाप घेतो. तिथेच क्लेम संपला. ६०,००० देऊन तुम्ही गाडीची १५ वर्षं भरायला उरलेली तीन वर्षंही घालवताय. भंगारवाल्याने त्या गाडीची नोंदणी रद्द करून घेतलीय का, तेवढं मात्र जरूर विचारा. नसेल तर त्याच्याकडून खिळाही घेऊ नका.

आता केबिनचा हिशोब. ८५ आणि ७० मिळून १,५५,०००. मिस्त्रीचे आठ दिवस मी पंचवीस धरतो. (उद्यमनगरातल्या कुठल्याही मिस्त्रीचे आठ दिवस मी असेच धरतो, राग मानू नये.) महिन्याला सगळं जाऊन ३२,००० उरतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे पंचवीस दिवसांत साधारण २७,००० बुडाले. ड्रायव्हरला घरी बसवून पगार द्यावाच लागेल, नाहीतर तो दुसऱ्या गाडीवर जाईल. ते १५,०००. वर अडीअडचणीला २०,०००. झाले २,१७,०००. गाडीला १५ वर्षं २०२९ ला होतात. त्यानंतर ती लगेच भंगारात जात नाही, पण पासिंगची, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीची फी एकदम चढते आणि भाडं देणारेही नाक मुरडतात. म्हणून मी छत्तीस महिनेच धरतो: महिना ६,००० च्या आसपास.

नव्या गाडीचा हप्ता ११ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी, २१,७०० च्या वर. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रकवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला, त्यामुळे कोटेशन गोड वाटतंय. ड्रायव्हरला विचाराल तर तोही नवीच म्हणेल. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या, साडेतीन टनांवरच्या मालगाड्यांना एसी केबिन सक्तीची आहे. पण ३२,००० तून हप्ता गेला की घरात दहा उरतात, आणि मुलगी यंदा बारावीला आहे. एखादा महिना फाउंड्र्यांची कामं मंदावली की हप्ता एफडीतून. नवी गाडी पाच वर्षांनीही विकायला उरेल, हे खरं. पण आज तुमचं घर तिला पेलत नाही.

म्हणून केबिन बदला, असं मी म्हणेन. पण फक्त रिकामा सांगाडा घ्या, आतलं काही नको. मोबाइलवर जे व्हिडिओ बघून हे डोक्यात आलं, ते अमेरिकेतले पिकअप आहेत. तिथे "गॅस" म्हणजे पेट्रोल, आपला सीएनजी नव्हे. एकाच मॉडेलची पेट्रोल आणि डिझेल गाडी असते, पत्रा तोच, म्हणून केबिन उचलून ठेवता येते. तिथेही डोकेदुखी वायरिंगचीच. तुमच्या जुन्या डिझेलला अॅक्सिलरेटरची केबल आणि साधा पंप. सीएनजीच्या केबिनमध्ये स्पार्क प्लगच्या इंजिनाची वायरिंग, गॅसचा काटा, कॉम्प्युटर. हे दोन्ही जुळवत बसलात तर ७०,००० चे लाख कधी झाले कळणार नाही. तुमचं जुनं वायरिंग, मीटर, पेडल, स्टिअरिंग तेच नव्या सांगाड्यात घाला. सांगाडा भंगारवाल्याकडून ८५ ऐवजी ६० ला मागा. वायरिंग आणि मीटरचे पैसे त्याला वेगळे मिळतातच.

दारावरचा सीएनजीचा हिरवा स्टिकर काढा, आणि त्या गाडीचा नंबर असलेली पट्टी केबिनवर राहिली असेल तर तीही भंगारवाल्याकडूनच काढून घ्या. एका गाडीवर दोन नंबर दिसले तर पासिंग तिथेच अडतं. रंग बदलणार असाल तर आरटीओत नोंद करा. परवानगीशिवाय केलेल्या बदलाला, प्रत्येक बदलामागे ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. काम सुरू करण्याआधी विमा कंपनीला पत्र द्या, पोच घ्या. कर बचत विचारलीत: तुम्ही गाडीमागे महिना ७,५०० असं ठोक उत्पन्न दाखवता, त्यात दुरुस्ती वेगळी वजा होत नाही. बिल तरीही पक्कंच घ्या, उद्या चोरीच्या मालाची चौकशी आली तर तेच कामाला येईल.

एफडीतले दोन लाख मोडा, अडीच लाखांना हात लावू नका. आणि २१,७०० चा हप्ता पेलतो असं तुम्हीच म्हणता ना? मग १०,००० ची आरडी आजपासून. तीन वर्षांत जवळजवळ ४ लाख होतात. २०२९ ला नवी गाडी घ्याल तेव्हा भरायला ३ लाख एफडी न मोडता तयार असतील. जुनी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिलीत तर तिथल्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या मोटार वाहन करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत आहे.

पैसे देण्याआधी एक करा. सांगाड्यातली मॅट उचला आणि जिथे केबिन रबरावर बसते त्या चारही जागी स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. टोक आत गेलं तर ६० लाही नको, दुसरी केबिन शोधा. मिस्त्रीला २०,००० आगाऊ, बाकी गाडी माल भरून कागलपर्यंत नेऊन आणल्यावर.