हॅल्बर्डच्या टप्प्यात शिरणाऱ्या गॉब्लिनवर ऑपॉर्च्युनिटी अटॅक मिळतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: डन्जन्स अँड ड्रॅगन्स या कथाखेळात तुमच्या फायटरच्या (लढवय्या पात्राच्या) हातात १० फूट टप्प्याची, म्हणजे तेवढ्या अंतरापर्यंत पोहोचणारी, हॅल्बर्ड (लांब दांड्याची कुऱ्हाड) आहे, गॉब्लिन (छोटा राक्षसी शत्रू) १० फुटांवरून सरकत थेट त्याच्यापाशी येतो, वार करतो आणि पुन्हा मागे होतो, या येण्याजाण्यात ऑपॉर्च्युनिटी अटॅक (शत्रू निसटताना त्याच्यावर करता येणारा आयता वार) केव्हा मिळतो, आणि मित्राने गॉब्लिनला ढकलले तर तो मिळतो का? यावरून तुमच्या टेबलावर वाद झाला आहे. तुम्ही या खेळाची २०१४ ची पाचवी आवृत्ती खेळत आहात, असे धरून उत्तर देतो.

नियमाची अट एकच आहे: तुम्हाला दिसणारा शत्रू तुमच्या टप्प्याच्या बाहेर जात असला पाहिजे. टप्प्यात शिरणे किंवा टप्प्याच्या आतल्या आत फिरणे यांचा नियमात उल्लेखच नाही. त्यामुळे गॉब्लिन १० फुटांवरून ५ फुटांवर आला तेव्हा तुम्हाला काहीही मिळत नाही, आणि वार करून तो पुन्हा १० फुटांवर गेला तरीही मिळत नाही, कारण तो अजून हॅल्बर्डच्या टप्प्यातच उभा आहे. तेथून १५ फुटांकडे पाऊल टाकताच मात्र अट पूर्ण होते, आणि तुमचा वार तो टप्पा सोडण्याच्या अगदी आधी, म्हणजे तो १० फुटांवर असतानाच, होतो. यातली गंमत अशी की याच जागी साधी तलवार असती, तर गॉब्लिनच्या पहिल्याच माघारीच्या पावलावर वार मिळाला असता. लांब शस्त्रामुळे शत्रूला तुमच्याभोवती निर्धास्त फिरायला अधिक जागा मिळते, हे अनेक खेळाडूंच्या ध्यानातच येत नाही.

त्यातही गॉब्लिन हा उदाहरणाला फसवा प्राणी आहे. त्याला डिसएंगेज (वार न ओढवता मागे हटणे) बोनस अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे पाळीतील जादा छोट्या कृतीत, करता येते, म्हणून तो वार करूनही सुखरूप निसटू शकतो. तुमच्या डन्जन मास्टरने (खेळ चालवणाऱ्याने) तसे केले असेल, तर त्यात अन्याय काहीच नाही.

ढकलण्याबाबत उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. शत्रू स्वतःची हालचाल, अ‍ॅक्शन किंवा रिअ‍ॅक्शन (इतरांच्या पाळीतही करता येणारी कृती) न वापरता दुसऱ्या कशामुळे हलवला गेला, तर ऑपॉर्च्युनिटी अटॅक मिळत नाही. टेलिपोर्ट करणाऱ्यावरही मिळत नाही. याउलट, डिसोनंट व्हिस्पर्स या मंत्राने घाबरलेला शत्रू स्वतःची रिअ‍ॅक्शन खर्च करून पळतो, म्हणून त्याच्यावर मिळतो. पळायला भाग कोणी पाडले हा मुद्दाच नाही. पळताना खर्च कोणाचे काय झाले, एवढेच पाहायचे.

तुमच्या टेबलावरील वादाचे मूळ मला जुन्या आवृत्तीत दिसते. २००३ च्या ३.५ आवृत्तीत शत्रूच्या धाकातील (त्याचा वार पोहोचतो असा) चौकोन सोडला की वार ओढवत असे, मग पुढचा चौकोनही त्याच धाकातील का असेना. त्यामुळे जवळ येणाऱ्यावरही लांब शस्त्राने वार मिळे. मात्र त्या आवृत्तीत ५ फुटांचे सावध पाऊल त्यातून मुक्त होते, आणि असे लांब शस्त्र अगदी जवळच्या शत्रूवर सहसा चालतही नसे. जुन्या नियमाचा लाभ तेवढा लक्षात ठेवायचा आणि त्याची बंधने विसरायची, हे मला पटत नाही.

जवळ येणाऱ्याला अडवायचेच असेल, तर पोलआर्म मास्टर हे फीट (पात्राला मिळणारे खास कौशल्य) घ्या. ते असले, की हातातील हॅल्बर्डच्या टप्प्यात शिरणारा शत्रूही वाराला पात्र ठरतो, फक्त रिअ‍ॅक्शन शिल्लक हवी; ती एकच असते आणि तुमच्या पुढच्या पाळीच्या आरंभी परत मिळते. डन्जन मास्टरने हाच लाभ घरचा नियम म्हणून सर्वांना फुकट देऊ केला, तर होकार देण्यापूर्वी एवढे आठवा की प्रौढ लाल ड्रॅगनच्या शेपटीचा टप्पा १५ फूट असतो, आणि घरचा नियम त्यालाही लागू होईल.